रोझेलचे चार महिने

एप्रिल उजाडला की आपल्याकडच्या निवृत्त मंडळींच्या घरी दोन बॅगा पलंगावर उघड्या पडतात. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, औषधांची सहा महिन्यांची बेगमी, वजनकाटा, पुन्हा एकदा वजनकाटा. मुलीकडे किंवा मुलाकडे न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात उन्हाळा काढायचा आणि थंडी सुरू व्हायच्या आत परतायचे, हा आता मध्यमवर्गीय मराठी आयुष्याचा एक ठरलेला टप्पा झाला आहे. मीही गेले. लेकीच्या स्वयंपाकघरात पहिल्याच आठवड्यात हिंगमोहरीची फोडणी दिली आणि छतावरची धुराची घंटा किंचाळू लागली. लेक धावत आली, खिडकी उघडली, हातातल्या टॉवेलने घंटेला वारा घातला. त्यानंतर फोडणीच्या आधी खिडकी उघडायची, वरचा पंखा लावायचा आणि मग तेल तापवायचे, असा माझा क्रम ठरला. परदेशात रुळणे म्हणजे काय, याची व्याख्या मला कोणी विचारली तर मी हा क्रम सांगेन.

बॅगेत माझ्यासोबत आनंदीबाई जोशी यांच्यावरची पुस्तके होती. चाळीस वर्षे मराठी शिकवताना त्यांच्यावर अनेकदा बोलले होते. पण त्या उन्हाळ्यात वाचताना एका गोष्टीवर पहिल्यांदाच बोट अडकले. आनंदीबाई अमेरिकेच्या भूमीवर उतरल्या ४ जून १८८३ रोजी, न्यूयॉर्कला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले शरद ऋतूत, फिलाडेल्फियाला. मधले जवळजवळ चार महिने त्या न्यू जर्सीतल्या रोझेल नावाच्या लहान गावात, थिओडोशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. माझ्या लेकीच्या घरापासून हे गाव अर्ध्या तासाच्या अंतरावर. आनंदीबाईंची कहाणी आपण जशी सांगतो, तीत हे चार महिने कुठे असतात? बहुतेक वेळा एका वाक्यात. बोट लागते, मावशी धक्क्यावर भेटतात, आणि पुढच्या परिच्छेदात कॉलेजची घंटा होते.

हे चार महिने वगळल्याने आनंदीबाईंच्या मृत्यूचे आपले वाचन चुकले आहे, असे मला वाटते. या लेखात तेच मांडायचे आहे.

आधी श्रीरामपूरकडे जाऊ. आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले, कोलकात्याजवळचे. गोपाळराव तिथे पोस्टात होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले आणि आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले. त्या तेव्हा अठरा वर्षांच्याही नव्हत्या. महिनाभराने, ३१ मार्चला झाल्या. या भाषणातली हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन ही प्रतिज्ञा आपल्याला तोंडपाठ आहे. मात्र ती कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात आली, हे आपण विसरतो. प्रश्न होता वाळीत पडण्याचा. त्याला त्यांचे उत्तर असे की, मी इथे राहते तशीच तिथे राहणार. रीतिभाती, अन्न आणि पोशाख यांत काही बदल करणार नाही. मग मला वाळीत टाकण्याचे कारणच काय? म्हणजे प्रतिज्ञा धर्मतत्त्वाची नव्हती, ती ताटाची आणि लुगड्याची होती. गोमांस, बाप्तिस्मा हे मोठे शब्द ऐकणाऱ्यांच्या डोक्यात होते. तिने मात्र अन्न आणि वस्त्र असे दोनच शब्द नेमके उचलले. बाईमाणूस होती, रोजचे काय असते ते तिला ठाऊक होते.

ही प्रतिज्ञा बंगालच्या हवेत केलेली आहे हे लक्षात ठेवायला हवे. नऊवारी लुगडे, चोळी, वरणभात, पालेभाजी हे सगळे जिथे जमते त्या हवेत. ७ एप्रिलला ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीने त्या निघाल्या आणि जवळजवळ दोन महिन्यांनी पोचल्या तेव्हा अमेरिकेत उन्हाळा लागला होता. न्यू जर्सीचा उन्हाळा आपल्याला परका नाही. जुलैमध्ये तिथे पारा तिशीच्या वर जातो, हवा दमट होते, अंगाला कपडे चिकटतात. मुंबईच्या माणसाला घरच्यासारखे वाटावे इतपत घाम येतो. फक्त दिवस लांब, जूनअखेरीस पंधरा तासांचा. अशा हवेत नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहिल्या तर बिघडत नाही. भाजीपाला, दूध, बटाटे, फळे यांवर शाकाहारी माणसाचे भागते. प्रतिज्ञेतल्या दोन्ही अटी जून ते सप्टेंबरमध्ये पाळता येण्याजोग्या होत्या. आनंदीबाईंच्या वाट्याला अमेरिका प्रथम आली ती अशी, आपल्या हवेचे रूप घेऊन.

आणि आली ती उजेडाचे रूप घेऊनही. १९ जानेवारी १८८३ रोजी रोझेलमध्ये थॉमस एडिसनने खांबांवरून तारा नेऊन गावाला विजेचे दिवे दिले होते. डोक्यावरून तारा ओढून उजळलेले जगातले पहिले गाव म्हणून रोझेलची नोंद होते. आनंदीबाई तिथे पोचल्या त्याला पाचच महिने झाले होते. आनंदीबाईंवरच्या व्याख्यानांत हा योग कोणी सांगितल्याचे मी ऐकलेले नाही, आणि त्यात आश्चर्यही नाही. आपल्या कथेत रोझेल हे गावच नाही, ते फक्त मावशींचा पत्ता आहे. कल्याण-अलिबागच्या समईतून, कोलकात्याच्या गॅसच्या दिव्यांतून आलेली मुलगी विजेने उजळलेल्या खेड्यात उतरते, या गोष्टीचा मोह मला टाळता आला नाही. पण तेवढ्यावर काही उभारायचे नाही. उजेडाला प्रतीक करून टाकणे सोपे असते, आणि आनंदीबाईंच्या बाबतीत आपण प्रतीके पुष्कळ केली आहेत.

या चार महिन्यांतला एक कागद मात्र महत्त्वाचा आहे. २८ जून १८८३ रोजी, म्हणजे उतरल्यापासून चोवीस दिवसांत, आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते आजही तिथल्या संग्रहात जपलेले आहे. आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत द्यायची आहे, असा त्याचा आशय. हे पत्र नेहमी उद्धृत होते ते ध्येयवादाचा पुरावा म्हणून. मला ते त्या चोवीस दिवसांचा पुरावाही वाटते. परक्या घरात, परक्या भाषेत, दोन महिन्यांच्या बोटीच्या प्रवासानंतर चोवीस दिवसांत असे ठाम पत्र लिहिणारी मुलगी रात्री झोपत होती, तिला जेवण मिळत होते, तिला बसायला टेबल होते आणि इंग्रजीत काही अडले तर विचारायला माणूस होते. ही व्यवस्था कोणी तरी केली होती.

ती केली कार्पेंटरबाईंनी. त्यांची आणि आनंदीबाईंची ओळख कशी झाली ती हकीकत प्रसिद्ध आहे. पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे गोपाळरावांचे पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले होते. दाताच्या दवाखान्यात वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती तो अंक पडला. पुढे अडीच-तीन वर्षे पत्रव्यवहार झाला. या पत्रांत चालीरीती होत्या, खाण्यापिण्याच्या गोष्टी होत्या, आनंदीबाईंची डोकेदुखी होती. बाईंनी अमेरिकेतून औषधेही पाठवली. दोघी एकमेकींना मावशी आणि भाची मानू लागल्या. म्हणजे रोझेलचा मुक्काम ४ जूनला सुरू झाला नाही, तो टपालातून आधीच सुरू झाला होता. आमच्या पिढीचे आई-बाप व्हिडिओवर नातवाची खोली आधी पाहून मग विमानात बसतात, तसेच काहीसे.

आपल्यात म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. नात्याच्या या नावाकडे चरित्रकारांनी गोड योगायोग म्हणून पाहिले आहे. मला तिथे थांबून थोडी तुलना करावीशी वाटते, कारण १८८३च्या त्याच उन्हाळ्यात आणखी एक मराठी विदुषी परदेशी रुळण्याचा प्रयत्न करत होती. पंडिता रमाबाई एप्रिलमध्ये मुंबईहून निघून इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. सोबत लहानगी मनोरमा होती, आणि आनंदीबाई भगत नावाच्या सहप्रवासी होत्या. या दुसऱ्या आनंदीबाईंचा काही महिन्यांतच तिथे करुण अंत झाला. २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्या वर्षी त्यांनी लिहिलेला ‘इंग्लंडचा प्रवास’ आणि पुढचा त्यांचा पत्रव्यवहार वाचताना दिसते की अन्नाचा प्रश्न तिथेही होता. शाकाहार हा रमाबाईंच्या मनाचा प्रश्न होता. मठातल्या त्यांच्या पालक सिस्टर जेराल्डिन यांना तो जातीच्या अभिमानाचा अवशेष वाटे. अंडे घातलेले पुडिंग न खाणे हा तिथे धर्मशास्त्राचा विषय झाला.

रमाबाईंनी आणि मनोरमेने सिस्टर जेराल्डिनना नाव दिले होते ‘आजीबाई’. इकडे मावशी, तिकडे आजीबाई. दोन्ही बाया परक्या, ख्रिस्ती, प्रेमळ. दोघींना मराठी नातेवाचक शब्द मिळाला. पण आपल्या घरात या दोन शब्दांचे अधिकार वेगळे आहेत. आजीबाईंचे ऐकावे लागते. त्या काय खावे, काय नेसावे, कोणाशी बोलावे ते सांगतात. मावशी सांगत नाही, ती विचारते. तिला घरात सत्ता नसते, फक्त लळा असतो. कार्पेंटरबाई कोणत्या संस्थेच्या वतीने पाहुणचार करत नव्हत्या. भाचीने काय खायचे यावर त्यांना कोणाला अहवाल द्यायचा नव्हता. परदेशातला मुक्काम सुसह्य होतो की नाही हे बऱ्याचदा यजमानाच्या चांगुलपणावर ठरत नाही, तो कोणाला जबाबदार आहे यावर ठरते. रमाबाईंच्या वाटेला मठ आला, आनंदीबाईंच्या वाटेला घर. याची फळे दोघींच्या पुढच्या लेखनातही दिसतात. रमाबाई भांडून भांडून तीक्ष्ण झाल्या आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’सारखे, परक्या समाजाच्या घरापासून राज्यव्यवस्थेपर्यंत पाहणारे पुस्तक त्यांनी दिले. आनंदीबाईंना भांडावे लागले नाही, निदान उन्हाळ्यात नाही.

आता त्या घरातल्या स्वयंपाकाविषयी. आनंदीबाईंच्या बालपणातली एक हकीकत सगळे सांगतात: अभ्यास टाकून आजीला स्वयंपाकात मदत करताना सापडल्या म्हणून गोपाळरावांनी त्यांना मारले. नवरे बायकोला स्वयंपाक केला नाही म्हणून मारतात, हा केला म्हणून मारतो, अशी टाळ्या घेणारी कलाटणी देऊन ती सांगितली जाते. अमेरिकेहून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी नवऱ्याच्या या माराची आठवण काढली आहे, आणि तिथे टाळ्या घेण्यासारखे काही नाही. पण मला त्या हकिकतीचा दुसरा अर्धा भाग हवा आहे. जिला चुलीपासून मारून दूर केले, तिचा जीव परदेशात चुलीवरच अवलंबून राहिला. अन्न बदलणार नाही असे जाहीर सभेत सांगितलेल्या शाकाहारी मुलीला कार्पेंटरांच्या मेजावरचे मांस चालणार नव्हते. स्वतःला रांधता येणे ही तिथे परीक्षेइतकीच गरज होती. गोपाळरावांच्या शिक्षणक्रमात ती बसत नव्हती. अभ्यास हे शिक्षण आणि स्वयंपाक हा त्याचा शत्रू, असे त्यांचे सरळ गणित होते, आणि आपल्या सुधारकी साहित्याचेही बराच काळ तेच राहिले.

पुस्तकांकडे वळते. १८८८ साली बोस्टनला कॅरोलिन हीली डॉल यांनी लिहिलेले चरित्र आले. कार्पेंटरबाईंजवळची पत्रे डॉल यांच्या हाती होती, म्हणून त्या उन्हाळ्याच्या सगळ्यांत जवळचे हे पुस्तक. पण त्याच्या शीर्षकातच आनंदीबाईंची ओळख ‘पंडिता रमाबाईंची नातलग’ अशी दिली आहे. तेव्हा रमाबाई अमेरिकेत व्याख्याने देत होत्या आणि त्यांच्या कार्याभोवती मदतीची संस्था उभी राहिली होती. अमेरिकन वाचकाला ओळख पटावी म्हणून मृत डॉक्टरणीला जिवंत पंडितेचे नाते लावले गेले. डॉल यांच्या नजरेला रोझेलचे घर नवे नव्हते, नवी होती ती त्यात आलेली मुलगी. त्यामुळे त्यांना दिसते ते तिचे वेगळेपण: तिचे नेसणे, तिचे दागिने, तिचा शांत स्वभाव. तिने त्या घरात काय पाहिले, कशाला बिचकली, काय शिकली, हा प्रश्न यजमानाच्या बाजूने लिहिणाऱ्याला सहसा सुचत नाही. आमच्या जावयाच्या मित्रांनीही मला भारतातल्या उन्हाळ्याविषयी पुष्कळ विचारले. कपडे धुण्याचे यंत्र कुठले बटण दाबले की चालते, हे मला ठाऊक आहे का, ते कोणी विचारले नाही.

पुढच्याच वर्षी, १८८९ला, काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र आले. स्त्रीने लिहिलेले मराठीतले पहिले चरित्र म्हणून त्याचा मान आहे, आणि तो योग्य आहे. काशीबाई स्वतः लग्नानंतर चोरून-मारून शिकलेल्या. त्यांनी पत्रांचा भरघोस आधार घेतला, आणि गोपाळरावांविषयी त्या जे लिहितात त्यात त्या काळच्या बाईने दाखवावे त्यापेक्षा जास्त धैर्य आहे. रोजच्या जगण्याचे तपशील मराठीत आपल्याला मिळतात ते मुख्यतः त्यांच्यामुळे. पण काशीबाईंचीही एक अडचण होती. आनंदीबाईंना जाऊन दोनच वर्षे झाली होती. बाई शिकली म्हणून मेली, परदेशी गेली म्हणून मेली, असे म्हणायला अर्धा गाव टपलेला. अशा वेळी चरित्रकार स्त्रीने तपशिलाचा उपयोग बचावासाठी केला तर तिला दोष देता येत नाही. आनंदीबाईंनी तिकडे काय खाल्ले, काय नेसले हे काशीबाई सांगतात ते बहुतांशी ती बाटली नाही याचा दाखला म्हणून. ताट आणि लुगडे पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहतात.

श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) कादंबरीने ही कहाणी घराघरांत नेली. मी स्वतः आनंदीबाईंना भेटले ती या कादंबरीत, अकरावीच्या सुट्टीत, आणि ते ऋण मानते. पण नावाप्रमाणे तिचे केंद्र दाम्पत्य आहे. २०१९च्या चित्रपटाचेही तेच. जिथे केंद्र दाम्पत्य असते तिथे नवरा नसलेले चार महिने कथेला जड होतात. गोपाळराव नाहीत, संघर्ष नाही, आजार नाही, फक्त एक मुलगी नव्या घरात दिवस काढते आहे. कादंबरीकाराने तिथे काय करावे? तो पुढे सरकतो. अंजली कीर्तने यांच्या ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ (१९९७) या चरित्राने काळाला शीर्षकातच जागा दिली, आणि आज या विषयावर मराठीत लिहायला बसणारा कोणीही त्यांच्या कष्टांच्या जिवावर लिहितो, मीही. त्यांनी गोळा केलेल्या सामग्रीमुळेच हा प्रश्न विचारता येतो. मी फक्त तिच्यातल्या एका कोपऱ्यावर दिवा धरते आहे.

कारण पुढे थंडी आली.

फिलाडेल्फिया रोझेलपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. कॉलेज मिळाले, प्राचार्य रेचेल बॉडली यांचा आधार मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली. पण मावशीचे घर सुटले आणि ऋतू बदलला. राहायच्या खोलीत शेकोटी पेटवली तर धूर, न पेटवली तर गारठा. अभ्यास सांभाळून स्वतःचा स्वयंपाक. शाकाहार सुटलेला नाही. अंगावर नऊवारी, म्हणजे पोटऱ्या उघड्या. उन्हाळ्यात जुळवून घेतलेली प्रत्येक गोष्ट हिवाळ्यात उलटली. माझ्या लेकीकडच्या धुराच्या घंटेची मला इथे आठवण झाली. मी खिडकी उघडली ती जून महिन्यात. डिसेंबरात मी काय केले असते? आमच्यासारखे उन्हाळी पाहुणे हा प्रश्न स्वतःला विचारतच नाहीत, त्याच्या आधी विमान पकडतात. परदेश सोपा आहे असे आपण परत येऊन सांगतो, ते सप्टेंबरपर्यंतचे सांगतो.

आनंदीबाईंनी शेवटी नेसण्याची पद्धत बदलली. पाय झाकले जावेत, आत उबदार कपडे घालता यावेत म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. हा बदल त्यांना नवऱ्याला पत्रातून समजावून सांगावा लागला. हा प्रसंग आपल्याकडे फार हळवेपणाने सांगतात: सातासमुद्रापलीकडे गेली तरी पतीच्या आज्ञेत राहिली, देशी वस्त्र सोडले नाही. मला त्यात दिसते ते वेगळे. पत्र जाऊन उत्तर यायला तेव्हा सहज दोन महिने लागत. थंडी उत्तराची वाट पाहत नाही. वैद्यकी शिकणारी, शरीर कशाने खचते हे रोज पुस्तकात वाचणारी विद्यार्थिनी स्वतःच्या पोटऱ्या झाकण्याचा खुलासा हजारो मैल दूर बसलेल्या माणसाला करते आहे. आणि नवरा तरी एकटा कुठे होता? त्याच्या मागे श्रीरामपूरचे सभागृह होते, वर्तमानपत्रे होती, वाळीत टाकायला बसलेली जात होती. अन्न-पोशाख बदलणार नाही हा शब्द तिने त्यांना दिला होता. उन्हाच्या देशात, उन्हाच्या देशातल्या लोकांना.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आनंदीबाई क्षयाने गेल्या. क्षय जंतूने होतो हे रॉबर्ट कॉखने १८८२मध्ये जाहीर केले होते, पण त्यावरचे पहिले परिणामकारक औषध यायला विसाव्या शतकाची चाळिशी उजाडावी लागली. कोलकात्यातही त्यांना ताप येत होता, धाप लागत होती. चांगली शेकोटी आणि लोकरी मोजे मिळाले असते तर त्या वाचल्या असत्या असे कोणी म्हणू नये. मी म्हणत नाही. माझे म्हणणे त्यांच्या मृत्यूच्या कारणाविषयी नाही, मृत्यूचा अर्थ आपण कसा लावतो त्याविषयी आहे.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, इंग्लंडहून खास आलेल्या रमाबाई होत्या. नोव्हेंबरात त्या परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक त्यांची वाट पाहत होती. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्यांचे निधन झाले, बावीस पुरी व्हायच्या आत. तेव्हापासून आजवर आपण या मृत्यूला बलिदान म्हणत आलो. बलिदान हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात देणारी असते, देवता असते. खोली कोणी दिली, कोळशाचे पैसे कोणाकडे मागायचे होते, प्रतिज्ञेतून तिला मोकळे करण्याचा अधिकार कोणाला होता आणि त्याने तो का वापरला नाही, हे प्रश्न उरत नाहीत. पुतळ्याला थंडी वाजत नाही. रोझेलचे चार महिने वाचले की हा शब्द तोंडात अडखळतो, कारण तिथे आपल्याला दिसते की ही मुलगी मरायला निघालेली नव्हती. राहायला निघालेली होती. योग्य हवा, आपले माणूस आणि स्वतःच्या हातचे जेवण मिळाल्यावर ती चोवीस दिवसांत कामाला लागली. ध्येय फिलाडेल्फियात होते तेच रोझेलमध्ये होते. बदलली होती ती तिच्या भोवतीची व्यवस्था. आणि व्यवस्था ही कोणाची तरी जबाबदारी असते.

मराठी प्रवासवर्णनाने पाहण्याचे खूप कौतुक केले, राहण्याचे कमी. आपले नामवंत प्रवासी पूल, राजवाडे, संग्रहालये डोळे भरून पाहतात. चादरी कुठे धुतल्या ते क्वचित लिहितात, आणि लिहिले तर विनोदासाठी. तसेच चरित्रांत होते. परदेशी शिकायला गेलेल्यांच्या आयुष्यात आपण बोटीचा दिवस आणि पदवीचा दिवस मोजतो. मधल्या दिवसांची भाषा आपल्याकडे बायकांच्या पत्रांत राहिली, आणि ती पत्रे आपण पुरावा म्हणून वापरली, साहित्य म्हणून कमी वाचली. आनंदीबाईंची पत्रे आता पुन्हा वाचताना मी थोर वाक्ये गाळत जाते आणि लहान वाक्यांशी थांबते. त्यांत जेवणाचा, कपड्यांचा, हवेचा उल्लेख आला की समासात पेन्सिलीची खूण करते. माझ्या प्रतीत या खुणा आता ठळक उताऱ्यांखालच्या जुन्या रेघांपेक्षा जास्त झाल्या आहेत.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी लेकीने मला रोझेलला नेले. घर शोधायचा हट्ट मी धरला नाही. एकशे चाळीस वर्षांनी घर सापडून काय करायचे? वारिनँको पार्कात तळ्याकाठी बाकावर बसलो. दमट ऊन होते. दोन बाकांपलीकडे साडी नेसून, पायात पांढरे बूट घालून, एक आजी नातवाची बाबागाडी हलवत होत्या; बोलण्यावरून गुजराती असाव्यात. लेकीने डब्यातल्या दशम्या काढल्या. ती म्हणाली, ‘‘आई, ऑक्टोबरपर्यंत राहा ना या वेळी, पानांचे रंग बघ.’’ मी म्हटले, माझ्याकडे कोट नाही. ती म्हणाली, ‘‘घेऊ की.’’ किती सहज म्हणाली!

आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेला पाठवली. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी इथल्या स्मशानभूमीत ती आहे. शिळेवर त्यांची पदवी आहे, जात आहे आणि शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असा उल्लेख आहे. जागा मात्र मावशींच्या कुटुंबाची आहे.